युरोडान्सचे गाजणारे सिंगल कसे तयार करावे

युरोडान्स हा नाचाच्या संगीताचा प्रकार ऐकायला इतका सोपा वाटतो, की तो तयार करणेही तितकेच सोपे असावे असा समज सहज होतो. १९८९ ते १९९९ या काळात जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वीडन येथील लहान स्टुडिओंतून या प्रकारची असंख्य सिंगल्स, म्हणजे एकेकटी प्रसिद्ध होणारी गाणी, निघाली. त्यांपैकी आज आठवतात ती मोजकीच. जी टिकली ती कान देऊन ऐकली, की त्यांच्या बांधणीतील एक शिस्त लक्षात येते. एका क्षणी, एका जागी, एकच गोष्ट पुढे असते. किक, म्हणजे ड्रमचा खर्जातला ठोका, वाजते तेव्हा बास, म्हणजे खर्जातली सुरावट, थांबलेला असतो, गायिका गाते तेव्हा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, मागे सरकलेली असते आणि रॅप सुरू होतो तेव्हा सुरांची जागा जवळजवळ रिकामी केलेली असते. पुढील मार्गदर्शन याच शिस्तीच्या आधारे लिहिले आहे. तालासंबंधीचे शब्द मी आपल्या सवयीचेच वापरले आहेत. चार मात्रांच्या एका बारला येथे आवर्तन म्हटले आहे.

लय आणि ठेका

सुरुवात लयीपासून करावी. मिनिटाला १२० ते १४० मात्रा हा या प्रकाराचा नेहमीचा पट्टा आहे. हॅडवेचे १९९३ मधील ‘व्हॉट इज लव्ह’ १२४ वर आहे, तर आयफेल ६५ या इटालियन त्रयीचे ‘ब्लू’ १२८ वर. १२० च्या खाली गाणे रेंगाळते आणि १४० च्या वर गायिकेला शब्द घाईने उरकावे लागतात, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी १३० धरणे बरे. या लयीत एक मात्रा सुमारे ०.४६ सेकंदाची आणि एक आवर्तन सुमारे १.८५ सेकंदांचे होते. हे आकडे कागदावर टिपून ठेवावेत; गाण्याची लांबी ठरवताना ते पुन्हा लागणार आहेत.

आता सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे स्वर आणि ठोके क्रमाने वाजवणाऱ्या साधनात, एका आवर्तनाची १६ समान घरे करावीत. किक १, ५, ९ आणि १३ या घरांत ठेवावी, म्हणजे प्रत्येक मात्रेवर एक ठोका पडतो. टाळीचा आवाज ५ आणि १३ या घरांत, किकच्या जोडीने द्यावा. उघडी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातील झांजांची जोडी, ३, ७, ११ आणि १५ या घरांत, म्हणजे दोन मात्रांच्या नेमक्या मध्यावर ठेवावी. बासही त्याच मधल्या घरांत वाजवावा. ही शेवटची सूचना या प्रकाराचा कणा आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

किक आणि बास हे दोन्ही खर्जातले आवाज आहेत. ते एकाच क्षणी वाजले, तर नाचघरातील मोठ्या स्पीकरमध्ये एकमेकांना गिळतात आणि ऐकू येतो तो नुसता घुमारा. तिसऱ्या घरात सुरू झालेल्या बासच्या स्वराला पाचव्या घरातील किक गाठायला १३० च्या लयीत सुमारे २३० मिलिसेकंद मिळतात. त्या स्वराची लांबी १८० मिलिसेकंदांच्या आसपास तोडावी. उरलेल्या ५० मिलिसेकंदांच्या शांततेमुळे पुढचा ठोका स्वच्छ उमटतो. याची खात्री करून घ्यायची असेल, तर तोच स्वर आधी पूर्ण २३० पर्यंत ताणून ऐकावा आणि मग १०० वर आणून ऐकावा. पहिल्या वेळी ठेका पाय ओढत चालतो आणि दुसऱ्या वेळी तो पोकळ होतो. पुढे गाण्यात काहीतरी अडते आहे पण काय ते कळत नाही, अशी वेळ आली, की मी सर्वप्रथम बासच्या स्वराची लांबी तपासतो, आणि बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

रिफ

युरोडान्सच्या गाण्याची ओळख शब्दांच्या आधी रिफने पटते. सुरावट बहुधा मायनर स्केलमध्ये असते. ज्यांना आसावरी थाटाचे स्वर माहीत आहेत त्यांनी तेच डोळ्यांपुढे आणावेत, म्हणजे गंधार, धैवत आणि निषाद कोमल आणि बाकीचे शुद्ध. नाचायला लावणारा ठेका आणि त्यावर किंचित उदास सूर, हा या प्रकाराचा स्वभाव आहे. मेजर स्केलमध्येही गाणी झाली, परंतु त्यांतील बरीचशी बालगीतांच्या वळणावर जातात आणि लवकर कंटाळवाणी होतात, असे माझे मत आहे.

चार आवर्तनांसाठी चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट, निवडावेत. ए मायनर, एफ मेजर, सी मेजर आणि जी मेजर हा क्रम सरावासाठी उत्तम आहे. आता त्या कॉर्डचे ठोके १६ घरांपैकी १, ४, ७, १०, १३ आणि १५ या घरांत ठेवावेत. तीन-तीन घरांचे चार टप्पे आणि दोन-दोन घरांचे दोन, असा हा हिशेब १६ ला येऊन मिळतो. किक १, ५, ९ आणि १३ वर असल्याने रिफ आणि किक एका आवर्तनात फक्त दोनदा, पहिल्या आणि तेराव्या घरात, एकत्र येतात. बाकी वेळ रिफ ठेक्याला हुलकावणी देत राहते. ऐकणाऱ्याला हे गणित कळत नाही, पण पुढच्या भेटीची वाट त्याचे शरीर पाहू लागते. हाताची खालची दोन बोटे स्थिर ठेवून फक्त वरचा स्वर हलवावा, कारण शिट्टीवर येतो तो वरचा स्वरच. रिफ तयार झाली, की वाद्य बंद करून ती गुणगुणून पाहावी. गुणगुणता येत नसेल, तर स्वर वाढवण्यापेक्षा ते कमी करावेत.

‘ब्लू’ची जडणघडण येथे पाहण्यासारखी आहे. तुरीन येथील ब्लिस कॉर्पोरेशनच्या स्टुडिओत मॉरिझियो लोबिना यांना पियानोचा तुकडा सुचला आणि गाणे त्याच्याभोवती उभे राहिले. जेफ्री जे यांचा आवाज यंत्रातून काढून मुद्दाम अनैसर्गिक करण्यात आला, आणि ध्रुवपदात अर्थहीन अक्षरे ठेवण्यात आली, जी कोणत्याही भाषेच्या माणसाला म्हणता येतात.

साधनांबद्दल फार बोलण्याची गरज नाही, कारण आज साध्या लॅपटॉपमध्ये सारे काही मिळते. तरीही त्या काळची साधने माहीत असावीत, कारण या प्रकाराचा आवाज त्यांच्या मर्यादांतून घडला आहे. ठोके रोलंडच्या १९८३ मधील टीआर-९०९ या यंत्राचे, पियानो आणि ऑर्गन कॉर्गच्या १९८८ मधील एम-वनचे, आणि हे सारे चालवायला अटारी एसटी हा संगणक, ज्याला मिडीची, म्हणजे वाद्ये आणि संगणक जोडणाऱ्या संकेतपद्धतीची, खोबण जन्मतःच होती. तो संगणक स्वरांच्या सूचना पाठवत असे, परंतु गाणाऱ्याचा आवाज स्वतः साठवत नसे. आवाज टेपवरून किंवा सॅम्पलरमधून, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रातून, वाजवावा लागे. अकाई एस-१००० या सॅम्पलरची मूळ स्मृती २ मेगाबाइट होती, आणि तेवढ्यात सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज जेमतेम १२ सेकंद मावतो. त्यामुळे ध्रुवपदाची एक ओळ एकदाच, पण जीव ओतून गाऊन घ्यायची आणि तीच पुन्हा पुन्हा वाजवायची, ही पद्धत सोयीची ठरली. आज स्मृतीची टंचाई नसली, तरी ही सवय सोडू नये. दहा वेळा दहा प्रकारे गायलेल्या ओळीपेक्षा एकदा नेमकी लागलेली ओळ या गाण्यात अधिक चालते.

ध्रुवपद आणि रॅप

ध्रुवपद बहुधा गायिका गाते आणि कडव्यांच्या जागी पुरुषाचा रॅप असतो. ध्रुवपदाची चाल पाच-सहा स्वरांत बसवावी आणि सर्वांत लांब, सर्वांत उंच स्वर गाण्याच्या नावावर आणावा. नावातील त्या अक्षरात आ, ए किंवा ओ असा उघडा स्वर असल्यास गळा मोकळा सुटतो. इ आणि उ वर उंच जाताना आवाज आवळतो. शब्द साधे असावेत. हे गाणे ज्यांच्यापर्यंत जायचे असते, त्यांतील अनेकांची ती भाषा नसते, त्यामुळे अवघड वाक्यरचना वाया जाते. मात्र साधे म्हणजे निरर्थक असे नव्हे. एक प्रश्न, एक हाक किंवा एक ठाम विधान असले की ओळ उभी राहते.

रॅपसाठी १६ आवर्तने पुरतात. त्या वेळी लांब सूर आणि रिफ दोन्ही काढून टाकावेत आणि खाली फक्त ठेका व बास ठेवावा. रॅप करणाऱ्याने ध्रुवपदाच्या कथेला पुढे नेण्याची अपेक्षा कोणी करत नाही. त्याचे काम ऐकणाऱ्याला सुरांची भूक लावणे हे आहे.

आता लांबीचा हिशेब. सुरुवातीला ८ आवर्तने फक्त पसरट सूर आणि त्यावर ध्रुवपदाची एक ओळ, ठेक्याशिवाय. मग ८ आवर्तने किकसह पूर्ण रिफ, १६ आवर्तने रॅप, १६ ध्रुवपद, ८ रिफ, पुन्हा १६ रॅप, १६ ध्रुवपद, ८ आवर्तने किक काढून घेतलेला विसावा आणि शेवटी १६ आवर्तने ध्रुवपद. ही एकूण ११२ आवर्तने झाली आणि १.८५ ने गुणले असता ३ मिनिटे २७ सेकंद येतात, म्हणजे रेडिओला मानवेल इतका वेळ. यात पूर्ण ध्रुवपद जवळजवळ एका मिनिटाने येते, आणि तोवर ऐकणारा थांबेल याची खात्री नसते; पहिल्या १५ सेकंदांत ती एक ओळ ऐकवून ठेवण्याचे कारण हेच आहे. विसाव्याच्या अखेरच्या आवर्तनात टाळीचे ठोके दुप्पट, मग चौपट करत न्यावेत आणि शेवटच्या मात्रेवर संपूर्ण शांतता ठेवावी. ती अर्ध्या सेकंदाची शांतता भरून काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा.

गळा कोणाचा, चेहरा कोणाचा

येथवर जागा वाटून देण्याची शिस्त सुरांपुरती होती. माणसांच्या बाबतीत मात्र या प्रकाराने ती अनेकदा मोडली, आणि नव्याने काम करणाऱ्याने सर्वांत जास्त शिकावे ते येथेच. गाणे तयार करणारे दोन-तीन जण स्टुडिओत पडद्याआड राहत, समूहाला एखादे चटपटीत नाव देत, गळा एका गायिकेचा घेत आणि चित्रफितीत भलतीच व्यक्ती ओठ हलवताना दिसे. बेल्जियमच्या यो बोगार्ट यांच्या टेक्नोट्रॉनिकच्या १९८९ मधील ‘पंप अप द जॅम’मध्ये आवाज ‘या किड के’ या नावाने गाणाऱ्या गायिकेचा होता, तर मुखपृष्ठावर आणि चित्रफितीत फेली ही मॉडेल होती. कोरोना या समूहाच्या ‘द ऱ्हिदम ऑफ द नाइट’ला गळा दिला जेनी बी हिने, आणि जगाने कोरोना म्हणून पाहिले ओल्गा सूझा हिला.

ब्लॅक बॉक्सच्या ‘राइड ऑन टाइम’ची गोष्ट याहून पुढची आहे. या इटालियन त्रयीने लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० मधील गाण्यातील आवाजाचे तुकडे घेतले आणि कात्रीन किनॉल या मॉडेलला पुढे उभे केले. गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि १९८९ या वर्षात तेथे सर्वाधिक खपलेले सिंगल ठरले. परंतु हॉलोवे यांच्या बाजूने कायदेशीर हालचाल झाली आणि हीदर स्मॉल यांच्या आवाजात ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. स्नॅप या समूहाच्या १९९० मधील ‘द पॉवर’मध्येही प्रसिद्ध झालेली आरोळी जोसलिन ब्राउन यांच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेली होती.

म्हणून ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच, माइक लावण्यापूर्वी, एक साधा लेखी करार करावा. त्यात गायिकेचे नाव सर्वत्र छापले जाईल हे स्पष्ट असावे, एकरकमी मानधन आहे की विक्रीतील वाटा हे लिहिलेले असावे, आणि चित्रफितीत व रंगमंचावर कोण दिसेल हेही ठरलेले असावे. चाल आणि शब्द यांच्या श्रेयाची टक्केवारी वेगळी मांडावी, कारण जर्मनीत गेमा, इटलीत सिआए किंवा बेल्जियममध्ये साबाम या संस्था रॉयल्टी वाटतात ती नोंदवलेल्या श्रेयानुसार. ध्रुवपदाची चाल गायिकेने माइकसमोर बदलली आणि तीच ठेवली गेली, तर तिचा वाटा त्याच दिवशी नोंदवावा. गाणे चालले नाही तर यात कोणाचे काही जात नाही. ते चालले, तर मागाहून ही चर्चा वकिलांच्या खोलीत होते.

उसन्या तुकड्यांबाबत दोन परवानग्या लागतात, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि दुसरी रचनेच्या मालकाची. ‘दोन सेकंदांचे कोण विचारतो’ या भरवशावर राहू नये. क्राफ्टवेर्क या जर्मन समूहाच्या १९७७ मधील ध्वनिमुद्रणातून घेतलेला सुमारे दोन सेकंदांचा ठेका १९९७ मध्ये एका जर्मन रॅप गाण्यात वापरला गेला. तो वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला, आणि २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले, की तुकडा कितीही लहान असला तरी परवानगी लागते. तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला असेल तर गोष्ट वेगळी. माझा सल्ला सरळ आहे. रिफ स्वतः रचावी आणि गळा समोर उभ्या असलेल्या माणसाचा घ्यावा.

मिश्रण

मिश्रणात ध्रुवपदाचा आवाज दोनदा गाऊन एकावर एक ठेवावा आणि त्याला लांब रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत येतो तसा घुमारा, द्यावा. रॅप मात्र कोरडा आणि कानाजवळ ठेवावा. किक आणि बास दोन्ही बाजूंना न पसरवता मध्यभागी ठेवावेत. तबकडी कापताना रुंद पसरलेल्या खर्जामुळे सुई उडत असे, आणि आजही अनेक नाचघरांत आवाज एकाच वाहिनीतून जातो. शेवटी गाणे सर्वांत स्वस्त, सर्वांत लहान स्पीकरवर ऐकावे. तेथे बास नाहीसा होतो. रिफ आणि ध्रुवपद तरीही उभे राहत असतील, तर काम झाले.

बाहेर पाठवताना

रेडिओसाठी साडेतीन मिनिटांचे रूप आणि डीजेसाठी पाच-सहा मिनिटांचे लांब रूप, अशी किमान दोन रूपे हवीत. लांब रूपाच्या सुरुवातीला आणि शेवटी निदान १६ आवर्तने फक्त ठोके ठेवावेत, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्यातून यात आणि यातून पुढच्या गाण्यात शिरता येते. वेगवेगळ्या देशांसाठी काटछाट करण्याची तयारीही ठेवावी. टू अनलिमिटेडचे ‘नो लिमिट’ १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, पण तेथे प्रसिद्ध झालेल्या रूपातून रॅपचा बहुतेक भाग काढून टाकलेला होता. रॅप करणाऱ्याला हे कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

गाणे प्रथम डीजेंच्या हाती द्यावे आणि शक्य असल्यास नाचघरात जाऊन लोकांकडे पाहत उभे राहावे. लोक कोणत्या आवर्तनाला पेय आणायला निघतात ते टिपून घ्यावे आणि त्या जागी गाणे कापावे. नंतरची वाट लांब असू शकते. व्हिगफील्डचे ‘सॅटरडे नाइट’ आधी इटलीत निघाले, मग स्पेनमध्ये गाजले, तेथे सुट्टीवर आलेल्या ब्रिटिश पर्यटकांनी ते ऐकले आणि ते मायदेशी परतून दुकानांत त्याची चौकशी करू लागले. सप्टेंबर १९९४ मध्ये ते ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ते थेट पहिल्या क्रमांकावर आले आणि १५ आठवडे तेथे ठाण मांडून बसलेले ‘वेट वेट वेट’ या समूहाचे गाणे खाली उतरले. गाण्याला जोडलेल्या सोप्या सामूहिक नाचाचा त्यात मोठा वाटा होता. हातवारे एकदा पाहिले की येतात आणि अनोळखी माणसांच्या रांगेत उभे राहून करता येतात. ‘ब्लू’ही १९९८ मध्ये इटलीत निघाले आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते सप्टेंबर १९९९ मध्ये. त्यामुळे पहिल्या महिन्यात काही हालचाल दिसली नाही म्हणून गाणे मागे घेऊ नये. प्रत्येक देशासाठी स्वतंत्र परवाना द्यावा, त्याची मुदत ठरवावी, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी निदान एका पर्यटनस्थळाच्या नाचघरांत ते वाजेल अशी व्यवस्था करावी.

एक काम अखेरीस उरते आणि कंटाळा येऊन बहुतेक जण ते टाळतात. गळा, रॅप, रिफ, बास आणि ठोके यांच्या वेगवेगळ्या फाइली काढून दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. ‘ब्लू’ची सुरावट डेव्हिड गेटा यांच्या नव्या गाण्यातून २०२२ मध्ये पुन्हा ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकावर गेली. तुमच्या गाण्याची विचारणा वीस वर्षांनी झाली, तर तेव्हा स्टुडिओ, संगणक आणि कदाचित तुमची आठवणही जागेवर नसेल. फाइलला ‘व्होकल १’ असे नाव देऊ नये. तेथे गायिकेचे पूर्ण नाव, तारीख आणि कराराचा क्रमांक लिहावा.